कोरडी बाटली

सोमवारी सकाळी भट्टीपाशी आल्या आल्या मावशींनी आधी काचेची बाटली पाहिली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाटली ठणठणीत कोरडी होती.

मावशी म्हणजे प्रयोगशाळेतल्या सगळ्यांच्याच मावशी. एकोणीस वर्षं त्या भट्ट्या सांभाळत होत्या. कुठलीही पूड भट्टीत घालण्याआधी तिच्यातली अर्धा चमचा त्या बाजूला काढून, तारीख घालून, पत्र्याच्या एका डब्यात ठेवत. पोरं त्या डब्याला ‘माहेर’ म्हणायची. भट्टीत गेली ती सासरी, डब्यात राहिली ती माहेरी.

शनिवारी सासरी गेलेली पूड ‘डॉक्टर’ची होती. पीएचडी व्हायला अजून वर्ष होतं, पण पोरीला सगळे आत्तापासूनच डॉक्टर म्हणत. पांढऱ्या पुडीवर तिने प्लॅटिनमचे कण बसवले होते, एका केसाच्या जाडीत वीस-पंचवीस हजार मावतील इतके बारीक. घातक वायू त्यांच्या अंगाला लागला की निरुपद्रवी होतो. पण तापले की हे कण जागचे सरकतात, एकमेकांना चिकटतात, त्यांचा गोळा होतो. मग गोळ्याच्या पोटात अडकलेल्यांना कामच उरत नाही. म्हणून तिने तीन वर्षं खपून प्रत्येक कणाभोवती जाळीदार कवच चढवलं होतं. वायू आत जाईल, कण बाहेर पडणार नाही.

ही पूड खोलीत ठेवायच्या गॅसच्या हीटरमध्ये बसणार होती. गॅस जळला की वाफ होते, आणि वाफ कवच कुरतडते. म्हणून परीक्षा ठरली होती ती सातशे अंश, पन्नास तास आणि सतत वाफ. हवा या बाटलीतल्या गरम पाण्यातून बुडबुडत भट्टीत जायची, जाताना वाफ घेऊन. एकदा भरलेली बाटली जेमतेम वीस तास पुरते.

“रविवारी येऊन पाणी भरते,” असं मावशी शनिवारी म्हणाल्या होत्या. डॉक्टरचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, “सुट्टी घ्या हो बाई, मी बघतो.”

आणि सरांनी असं बघितलं होतं!

मावशींनी भट्टीच्या नोंदवहीत लिहिलं, ‘सोमवार, सकाळी नऊ. बाटली कोरडी.’

दुपारी भट्टीतून काढलेल्या पुडीचा सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो आला. एकही कण हललेला नव्हता. डॉक्टर टाळ्या पिटत होती. सरांनी हीटरच्या कारखान्याला फोन करून पूड दाखवायला गुरुवारची वेळ पक्कीही केली. मग ते वही चाळायला लागले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“बाई, हे पान जरा नवीन लिहून काढा.”

“काय लिहू? बाटलीला आपोआप पाझर फुटला म्हणून?”

“पहिले वीस तास तर वाफ होतीच ना!”

“आणि पुढचे तीस?”

डॉक्टर कळवळली. “मावशी, माझ्या तीन वर्षांवर पाणी ओतताय तुम्ही.”

“ओतायलाच तर हवं होतं! ओतलं नाही, म्हणून तर ही वेळ आली.” मावशींचा आवाज बाहेरच्या जिन्यापर्यंत गेला. “हीटर बंद खोलीत जळणार. विषारी वायू या कणांनी खायचा. त्यांचा गोळा झाला की तोच वायू माणसांनी खायचा. त्या माणसांना काय सांगू? रविवारी सर विसरले होते?”

“उगाच आकांडतांडव नको,” सर म्हणाले. “तुमचं काम भट्टी लावायचं.”

“मग लावते.”

मावशींनी वही काखेत मारली, डबा उघडला आणि माहेरची अर्धा चमचा पूड भट्टीत घातली. बुधवारी दुपारपर्यंत त्यांनी बाटली एकदाही अर्ध्याच्या खाली जाऊ दिली नाही. या दोन दिवसांत सर आणि डॉक्टर त्यांच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. त्याही बोलल्या नाहीत. नुसती भांडी आपटत होत्या.

बुधवारचा फोटो डॉक्टरने स्वतः काढला. निम्म्याहून जास्त कवचं फुटली होती. कण एकमेकांना बिलगून ढेकळं झाले होते. ती रडक्या आवाजात म्हणाली, “सर, गुरुवारचं रद्द करा.”

“अगं, पण...”

“पूड माझी आहे सर. रद्द करा.”

सरांनी फोन केला. चारदा माफी मागितली, तीही ‘तांत्रिक कारणा’च्या नावाने. फोन ठेवून वळतात तर समोर मावशी वही उघडून उभ्या. वहीत ‘पाणी कोणी भरलं’ असा रकाना होता. एकोणीस वर्षांत त्यातला या रविवारचा एवढा एकच चौकोन रिकामा होता.

“झालं ना आता तुमच्या मनासारखं?” सर म्हणाले.

“माझ्या मनासारखं? पोरीची तीन वर्षं गेली, माझी अर्धा चमचा पूड गेली. माझ्या मनासारखं काय झालं यात?” त्यांनी पेन पुढे केलं. “इथे लिहा, ‘भरलं नाही’. आणि खाली सही.”

सरांनी डॉक्टरकडे पाहिलं. ती पडद्यावरची फुटकी कवचं मोजत होती; तिने मान वर केली नाही.

सरांनी सही केली.

“तारीख?” मावशी म्हणाल्या. “रविवारची नाही, आजची घाला.”