अठरा सांधे, अठरा तुकडे

टेलरबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं सगळी गल्ली म्हणते. गल्लीचं काय जातंय म्हणायला! स्वतः माप चुकीचं द्यायचं आणि कपडा घट्ट झाला की बाईंच्या नावाने खडे फोडायचे, एवढंच गल्लीला येतं. पण त्या दिवशी बाई चिडल्या, त्याला कारण होतं. ते ऐका आणि मग सांगा कुणाचं चुकलं.

बाईंचा नवरा रेल्वेत सांधेवाला होता. एका रुळाचे जिथे दोन फाटे फुटतात तो सांधा. सांधा एकीकडे लावला तर गाडी फलाटावर, दुसरीकडे लावला तर मालधक्क्यावर. छत्तीस वर्षं या माणसाने सांधे बदलले आणि एक डबा चुकीच्या रुळावर जाऊ दिला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत दोन जुने दरवाजे आडवे टाकले आणि त्यावर छोटी रेल्वे मांडली. बोटभर इंजिन, काडेपेटीएवढे डबे, अठरा सांधे, आणि पुढच्या फळीवर त्या सांध्यांचे अठरा खटके.

"छत्तीस वर्षांत हौस फिटली नाही वाटतं!" बाई म्हणायच्या. पण खोलीचा पडदा शिवला तेव्हा त्याला छोटे दिवे लावायला बारीक काजं करून दिली ती त्यांनीच.

गेल्या वर्षी नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. बोलण्यातले दहा-बारा शब्द तेवढे उरले. अक्षरं गेली, आकडे गेले, जवळचं अंधुक दिसायला लागलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे ते नुसतेच बघत राहायचे, किती वाजले ते काही कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, जे स्वतःहून करू बघतील ते करू द्या. आणि करू बघत होते ते एकच. रोज सकाळी भिंत धरत धरत मागच्या खोलीत जायचे.

पण खटक्यांवर होते आकडे. बाईंनी ते काढून मोठ्या अक्षरांत नावं लिहिली, काही उपयोग नाही. रंगीत टिकल्या लावल्या, तर अठरा रंगांचा नुसता गोंधळ. मग एकदा बाईंच्या बाहीला चिकटलेला मखमलीचा तुकडा नवऱ्याने डाव्या हाताने काढला, अंगठ्याने चोळला, आणि फलाटाच्या खटक्यावर नेऊन दाबून धरला. म्हणाले, "बस."

बाईंना लख्ख कळलं. पहिल्या वर्गात बसायच्या गादीसारखं मऊ, म्हणून फलाट!

पाच आठवडे लागले. बाई कापडाच्या कातरणांची पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या आणि एकेक तुकडा त्यांच्या हातात द्यायच्या. ते चाचपायचे, मान हलवायचे, पुढचा मागायचे. पोत्याचा तुकडा मालधक्क्याला. रेक्झिन इंजिनच्या शेडला. जाड जीन्स कारखान्याच्या फाट्याला. प्रत्येक तुकड्याला एक टोक काढलेलं, गाडी वळेल त्या बाजूला. त्यानंतर हा माणूस फळीकडे न बघता, नजर गाडीवर ठेवून अठराच्या अठरा सांधे चालवायचा. घरात तेवढं एकच काम उरलं होतं ज्याला त्यांना कुणाची मदत लागत नव्हती.

मग बाईंच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. तीन दिवस जाणं भाग होतं, म्हणून थोरला मुलगा रजा काढून बापाजवळ राहायला आला. फोनवर रोज तेच, "सगळं ठीक आहे गं, बाबा मजेत."

बाई परतल्या तर नवरा भिंतीकडे तोंड करून पडलेला. "अहो, मागे जायचं ना?" त्यांनी विचारलं. डावा हात पांघरुणाखाली दडवलेला.

"परवापासून असंच चाललंय," थोरला म्हणाला. "कंटाळले असतील. उलट मी सगळं किती सोपं करून ठेवलंय, बघ तरी."

बाईंनी पाहिलं. खटक्यांवर मशीनने छापलेल्या प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्ट्या. एक ते अठरा. गुळगुळीत, एका रेषेत, सगळ्या सारख्या.

"तुकडे कुठायत?"

"त्या चिंध्या? टाकल्या. धूळ धरत होत्या नुसती. आमच्या कारखान्यात पॅनेलवर असं कापड चिकटवलं तर हाकलून देतील मला! आता बघ, कुणीही चालवू शकेल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणीही? कोण कुणीही? गल्लीतून माणसं येणार आहेत का गाडी चालवायला? अरे, एका माणसासाठी होतं ते, एका! आकडे कळत नाहीत त्यांना, माहीत नाही तुला? बापाला घड्याळ कळत नाही हे वर्षभर ऐकतोयस ना फोनवर? की हूं हूं करत दुसरंच काही करत असतोस?"

"मी विचारलं त्यांना, छान झालंय ना. त्यांनी मान डोलावली."

"पट्ट्या लावल्यास तेव्हा ते होते खोलीत?"

"नाही, झोपले होते. म्हटलं उठल्यावर बघतील." थोरल्याचा आवाज जरा उतरला. "येऊन बसले. गाडी दोनदा घसरली. मग बराच वेळ खटक्यांवरून नुसती बोटं फिरवत राहिले. पुन्हा पुन्हा. मग उठून गेले."

आता बाईंच्या लक्षात आलं. एका सकाळी या माणसाच्या डोक्यातून घड्याळ निघून गेलं होतं, ते काही कुणी भिंतीवरून काढून नेलं नव्हतं. मग मखमल गेली, पोतं गेलं, तेव्हा त्याने काय समजावं?

त्या धावत पलंगापाशी गेल्या. "अहो, इकडे बघा. काय झालं?"

नवऱ्याने पांघरुणातून डावा हात काढला आणि कपाळावर टेकवला. "गेलं," ते म्हणाले. "परत."

"काही गेलं नाही! ऐकताय का? तुमचं काहीएक गेलेलं नाही. तुकडे काढून टाकले या शहाण्याने. तिथे काही नव्हतंच, मग हाताला लागणार काय?"

त्यांनी आधी बाईंकडे बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या थोरल्याकडे. ओठ दोनदा हलले. वर्षभरात कुणी ऐकला नव्हता असा एक शब्द त्यांनी ओढून बाहेर काढला.

"भ्यालो," ते म्हणाले. "दोन… दिवस."

थोरला खाली बसला. "बाबा, मला वाटलं तुम्हाला…"

"बोल ना आता!" बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि राग तसूभरही कमी झाला नव्हता. "दोन दिवस तुझ्यासमोर घाबरून पडला होता तुझा बाप. आणि तू मला फोनवर सांगत होतास, मजेत."