स्क्रीनवरच्या वाकड्या रेषा

माझे बाबा महूच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. लोखंडी पट्टी उजेडाकडे धरून ते नुसते बघायचे आणि सांगायचे, "बीचमध्ये सूतभर वाकलीय." मोजून बघितलं की खरंच सूतभर वाकलेली निघायची. हे सगळं एका डोळ्याचं काम होतं. तरुणपणीच लोखंडाचा कण उडून त्यांचा उजवा डोळा गेला होता. सगळी नोकरी त्यांनी डाव्या डोळ्यावर काढली. त्यांची नजर चुकते असं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पुढे जे झालं त्यात या गोष्टीचाही हात होता.

ते रिटायर झाल्यावर आम्ही इंदूरच्या सुदामा नगरात राहायला आलो. बाबांचा एकच शौक होता, मराठी शब्दकोडं. इंदूरमध्ये मराठी पेपर हातात पडणं मुश्किल, म्हणून मी त्यांना ते कॉम्प्युटरवर काढून देत असे. मी सिमरोलच्या बाजूला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये टेक्निकल असिस्टंट आहे. तिथली सगळी मशीन विंडोजऐवजी लिनक्सवर चालतात, म्हणून घरच्या जुन्या डेस्कटॉपवरही मी तेच टाकलं होतं. बाबांना त्याची सवय झाली होती. सुरू व्हायला वेळ लागला की ते त्याला म्हणायचे, "चल भिया, उठ अब."

मग अक्षरं बारीक वाटायला लागली. वयाचं आहे, असं आम्ही धरून चाललो. मी एक मोठी स्क्रीन आणली, पण जुन्या मशीनमधून तिच्यावर धड चित्रच येईना, सगळं पसरट आणि धूसर दिसायचं. लॅबमधल्या सरांना सांगितलं, तर त्यांनी भंगारात काढलेल्या मशीनमधलं एक ग्राफिक्स कार्ड माझ्या हातात ठेवलं. "घेऊन जा मॅडम, इथे धूळच खातंय."

रविवारी दुपारी मी ते बसवलं. स्क्रीन लख्ख उजळली. शब्दकोड्याचा एकेक चौकोन बिस्किटाएवढा झाला. बाबा खूश. फक्त पान वर-खाली सरकवलं की चित्र मधोमध कापल्यासारखं व्हायचं, वरचा भाग पुढे आणि खालचा मागे. हे मलाही दिसत होतं. लिनक्समध्ये आपोआप आलेला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, त्या कार्डाला पुरत नव्हता, कार्ड बनवणाऱ्यांचा वेगळा ड्रायव्हर टाकावा लागणार होता. मी म्हणाले, "दहा मिनिटांचं काम आहे, बाबा."

टाकला, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि काळी स्क्रीन. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती, बाकी काही नाही.

आईने विचारलं, "बिघडवलंस का गं?"

तो रविवार गेला. पुढच्या रविवारी कळलं की मशीनची सुरक्षा त्या ड्रायव्हरला आत घेतच नव्हती. सुरू होताना एक निळं पान काही सेकंद येतं आणि परवानगी मागतं. पहिल्या वेळी मी नेमकी तेव्हाच चहा घ्यायला उठले होते. परवानगी दिली, आणि चित्र आलं. पान सरकवलं तरी कापलं जात नव्हतं. बाबांनी तीन कोडी एका बैठकीत सोडवली. दोनच दिवसांत मशीनने आपणहून अपडेट घेतलं, सिस्टिमचा गाभा नवा झाला आणि त्या जुन्या कार्डाचा ड्रायव्हर त्याच्यावर चढेना. पुन्हा काळी स्क्रीन. मी जुन्या गाभ्यावर परत गेले आणि अपडेट कायमचे बंद करून टाकले.

त्याच आठवड्यात बाबांचा मला लॅबमध्ये फोन आला.

"बेटा, रेषा वाकड्या येतायत."

"कुठल्या रेषा?"

"कोड्याच्या. मधले चौकोन बघ ना, दबल्यासारखे झालेत. एक-दोन अक्षरं तर गायबच आहेत."

मला जराही शंका आली नाही. सरळ रेष म्हणजे काय हे बाबांइतकं कुणाला कळणार? आणि त्या कार्डाने आधी इतका त्रास दिला होता की आणखी एक दोष निघाला यात नवल काहीच नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन मी स्क्रीनसमोर बसले. रेषा सरळ होत्या. लॅबमध्ये काम करणाऱ्याला हे रोजचं आहे. दुरुस्त करणारा समोर आला की दोष लपतो, तो उठून गेला की परत येतो. मी म्हणाले, "येतो-जातो असा दोष आहे. शोधावा लागेल."

आणि मी शोधत बसले. केबल बदलली. स्क्रीनचा वेग कमी करून पाहिला. ड्रायव्हर काढून त्याच्या आधीचा टाकला, तो नाही चालला तर त्याच्याही आधीचा. स्क्रीनवरच्या खिडक्यांच्या सावल्या, पारदर्शकपणा, जे जे बंद करता येतं ते बंद केलं. प्रत्येक बदल एका वहीत लिहून ठेवला. दर वेळी बाबांना बोलवायचं, ते खुर्चीत बसायचे, मान जरा तिरकी करायचे आणि म्हणायचे, "थोडा फरक आहे." मग माझ्याकडे वळून, "हो, आहे फरक." मी तेही वहीत लिहायचे.

इंटरनेटवर जिथे लोक एकमेकांना मदत करतात तिथे मी प्रश्न टाकला. कुणीतरी उत्तर दिलं, दोष दिसेल तेव्हाचा फोटो पाठवा. बाबा म्हणाले, "आत्ता दिसतंय, काढ." मी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला. फोटोत रेषा सरळ होत्या. मी तो नीट मोठा करून बघितला, सगळे चौकोन जागच्या जागी होते. तिथे तरी मी थांबायला हवं होतं. मी उत्तर लिहिलं, 'फोटो काढेपर्यंत दोष गेला,' आणि दुसऱ्या सेटिंगकडे वळले.

असे पाच आठवडे गेले.

एका रविवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो. बाबा खिडकीसमोर बसले होते. हातातला चमचा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "या खिडकीचे गज कोणी वाकवले?"

आई हसली. बाबाही हसले. मग त्यांचं हसू थांबलं.

मी म्हणाले, "बाबा, दरवाज्याकडे बघा. चौकट कशी दिसते?"

"मधून वाकलीय."

"आणि आईकडे?"

ते बराच वेळ आईकडे बघत राहिले. "कुंकू, नाक... नाही दिसत. बीचमध्ये धब्बा आहे. कान दिसतायत."

"कधीपासून?"

"स्क्रीनचं सुरू झालं तेव्हापासूनच असेल. मला वाटलं, सारखी ती खराब स्क्रीन बघून डोळ्यात तेच बसलंय. तू ठीक करत होतीस ना. म्हटलं, ती ठीक झाली की हेपण होईल."

पोहे तसेच राहिले. मी उठून कॉम्प्युटर बंद केला. का केला, माहीत नाही.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाबांच्या हातात एक पुठ्ठा दिला. पांढऱ्यावर काळ्या रेषांची जाळी, मधे एक ठिपका. "ठिपक्याकडे बघा आणि सांगा काय दिसतं."

बाबा म्हणाले, "अरे, हे तर तेच आहे, डॉक्टरसाहेब. वाकलेले चौकोन." मग माझ्या दिशेने वळून मजेत म्हणाले, "याचापण ड्रायव्हर खराब आहे का बेटा?"

मी तो पुठ्ठा त्यांच्या हातातून घेऊन डॉक्टरांना परत दिला.

तपासण्या झाल्या. डोळ्याच्या पडद्यामागे रक्त झिरपत होतं, अगदी मधोमध, जिथून माणूस वाचतो तिथे. डॉक्टरांनी विचारलं, "कब से है?" मी सांगितलं, पाच आठवडे. त्यांनी मान हलवली आणि कागदावर लिहीत राहिले. मीच विचारलं, "लवकर आलो असतो तर?" ते म्हणाले, "पहले हफ्ते में आते तो बात अलग थी." आवाज कडक नव्हता. कडक असता तर मला बरं वाटलं असतं.

डोळ्यात इंजेक्शनं झाली, महिन्याच्या अंतराने तीन. प्रत्येक वेळी मी बाहेरच्या बाकावर बसून मनात आकडेमोड करत होते. फोन आला तो दिवस गुरुवार होता, शुक्रवारी मी सुट्टी घेऊ शकले असते. तिसऱ्या इंजेक्शननंतर डॉक्टर म्हणाले, झिरपणं थांबलंय. आम्हाला वाटलं, आता दिसेल. तसं नव्हतं. थांबलं एवढंच. मधे व्रण धरला होता, तो जाणार नव्हता.

सुरुवातीला मी बाबांना शब्दकोडं वाचून दाखवलं. आडवे शब्द, उभे शब्द, कुठलं अक्षर कुठल्या शब्दात येतं ते. दोन-तीन दिवस त्यांनी उत्तरं दिली, बहुतेक बरोबर. मग म्हणाले, "राहू दे. जाळी डोळ्यासमोर नसेल तर हा नुसता पाठांतराचा तास आहे."

एकदा आई आत असताना ते मला म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस. स्क्रीन वाकडी आहे असं मीच म्हटलं ना?"

"तुम्ही म्हटलंत, पण बघितलं मी होतं. मला सरळ दिसत होती."

ते खोडून काढतील असं मला कुठेतरी वाटत होतं. त्यांनी खोडलं नाही. बाबा खोटं कधीच बोलत नाहीत, 'थोडा फरक आहे' एवढं सोडलं तर.

आता घरात त्यांच्यासमोर कुणी बसत नाही. कडेने त्यांना अजून दिसतं, मधे दिसत नाही. मी समोर बसले की ते म्हणतात, "बेटा, बाजूला सरक. समोर असलीस की तू नसतेस." मी खुर्ची उचलून त्यांच्या डाव्या बाजूला ठेवते. मग ते भिंतीकडे तोंड करून माझ्याशी बोलतात, आणि आज सिमरोलची बस वेळेवर आली का, ते विचारतात.