पणजोबांचा राजीनामा

आमचे पणजोबा शंभरेक वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मास्तर होते. इन्स्पेक्टरसाहेबाने अपमान केला म्हणून त्यांनी भर वर्गात राजीनामा फेकला, ही कथा आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली, की अलीकडे तो साहेब शेवटी रडूही लागला होता.

पुरावा म्हणजे मोडी कागदांचं एक गाठोडं. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. वाचायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. गेल्या वर्षी पुण्याच्या काकांनी कुळवृत्तांत काढायला घेतला आणि गाठोडं दिल्लीत आर. के. पुरमला माझ्या क्वार्टरवर कुरियरने पाठवलं.

"तू सरकारी नोकरीत. तुला जुने कागद कळतात."

मला कळतं ते एवढंच, की जुने कागद पुढच्या टेबलावर सरकवायचे असतात. मी ते सरकवले. जवळच मुनिरकाला भाड्याच्या खोलीत राहणारी एक मराठी विद्यार्थिनी मोडी वाचायची, तिच्याकडे.

चौथ्या रविवारी ती घरी आली. चहा तसाच ठेवून म्हणाली, "ताई, राजीनामा नाहीये. अर्ज आहे. पणजीबाईंचा."

तिने वाचून दाखवला. पतीला अर्धांगवायू झाला आहे. गेले आठ महिने त्यांचा वर्ग मीच चालवीत आहे. साहेबांनी तपासणीत मुलांना विचारले ते सर्व त्यांस आले. सबब मला नोकरी द्यावी.

सोबत हुकूमही होता. मास्तरांचं नाव कमी, बाईंची नेमणूक तालुक्याच्या मुलींच्या शाळेत. म्हणजे आजोबा शिकले ते तिच्या पगारावर. आणि आमच्याकडे तिची आठवण काय, तर पुरणपोळी छान करायची.

मी लगेच काकांना फोन लावला.

"आपल्याकडे बायका नोकरी करत नव्हत्या," काका म्हणाले.

"काका, हुकूम आहे माझ्या हातात."

"अगं, मदत करत असेल त्यांना. बघतो मी."

काकांनी बघितलं. कुळवृत्तांत छापून आला. पणजोबांना चार पानं, राजीनाम्यासकट. पणजीला एक ओळ: 'धर्मपत्नीची मोलाची साथ लाभली.'

मी तो अर्ज बालबोधीत लिहून काढला आणि काकांनी मोठ्या हौसेने काढलेल्या फॅमिली ग्रुपवर टाकला. काकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. नागपूरच्या ऐंशी वर्षांच्या आत्याने मात्र फोन केला.

"फोनवरचं बारीक दिसत नाही, तू वाच," म्हणाली. मी वाचला. मग म्हणाली, "आता परत हळू वाच गं, मी लिहून घेते."