दाराबाहेरचे बूट

शेजारचा सुधीर विळा घेऊन आतल्या खोलीत बसला होता, स्वतःच्या जिवावर उठलेला. हवालदार आले, सोबत सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताई. त्या म्हणाल्या, "दादा, बूट इथंच काढा. पाहुण्यासारखं बसू." हवालदारांनी काठीही बाहेर ठेवली.

बऱ्याच वेळाने सुधीरने विचारलं, "चहा घेणार का?"

"घेऊ की," ताई म्हणाल्या. "पण आधी तो विळा खाली ठेव, बाबा."

त्याने ठेवला. मी मात्र दाराबाहेरच्या बुटांकडेच बघत राहिलो. ज्या काकाच्या सायकलवर बसून मी शाळा शिकलो, त्याचंही डोकं असंच फिरलं होतं. तेव्हा पोलीस बुटांसकट आत शिरले, त्याला दोरीने बांधून घेऊन गेले. तो परत आलाच नाही.

आमच्याही चुलीवर तेव्हा काकाने चहा ठेवला होता.