यीस्टचं पाकीट

मंडळी, दुपारी इथे टेक्सासमधल्या शुगर लँड गावातल्या एका दुकानदारावर चिडून पोस्ट लिहिणार होतो. आता राग त्याच्यावर राहिलेला नाही.

माझी मुलगी सायली घरच्या घरी बिअर बनवते. मी माळकरी माणूस. तिला अडवलं नाही, पण गॅरेजमधल्या तिच्या बादल्यांकडे दोन वर्षं पाहिलंही नाही. आज ऑफिसमधून तिचा फोन आला. "बाबा, सकाळी बार्ली उकळून ठेवलीय, आणि यीस्ट संपलंय. आज नाही घातलं तर सगळं वाया. आणशील? प्लीज!" या छंदातलं पहिलंच काम तिने मला सांगितलं होतं.

बिअर बनवायचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो, तर फ्रिजमध्ये यीस्टची पन्नासएक पाकिटं होती. कुठलं घेऊ, असं विचारलं, तर काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "कुठली बिअर बनवताय?"

"बिअर म्हणजे... बिअर."

तो हसला. "मग ऑनलाइन शोधा."

सायलीला फोन करून विचारता आलं असतं, पण लाज वाटली. रिकाम्या हाताने परतलो आणि संध्याकाळी ती घरी आल्यावर तिला सांगितलं, "दुकान बंद होतं गं."

"इट्स ओके बाबा, तू गेलास ना!" म्हणत तिने सगळं सिंकमध्ये ओतून दिलं.

तो माणूस उद्धट होता, हे खरं. पण त्याने विचारलेला साधा प्रश्न मी माझ्या मुलीला कधीच विचारला नव्हता. वर गळ्यात माळ असताना खोटं बोललो.

ती अजून गॅरेजमध्ये बादली धुतेय. तुम्ही माझ्या जागी असता तर आधी खरं सांगितलं असतं, की तो प्रश्न विचारला असता?