राजानंद सरांचा माईक

जाफराबादेत जयंती असो, लग्न असो की कुणा गेलेल्याचं पुण्यानुमोदन, माईक राजानंद सरांच्याच हातात. स्टेजवर जराशी शांतता पडली की कार्यक्रम फसला असं त्यांना वाटायचं. लगेच एक शेर, लगेच 'टाळ्या झाल्या पाहिजेत!' सगळी हयात सूत्रसंचालनात गेली.

शाळेतून निवृत्त झाले आणि सरांना सिनेमाचं खूळ लागलं. समाजमंदिरात दर शनिवारी जगातला एक थोर सिनेमा दाखवायचा. कमिटीच्या पुंजारामला तिथं व्यायामशाळा हवी होती. तो म्हणाला, "एक खेळ करा. लोकांनी पुन्हा मागितला तर शनिवार तुमचा. न्हाईतर बिलकुल न्हाई."

सरांनी लावला एक जुना, काळापांढरा फ्रेंच सिनेमा, तिजोरीफोडीचा. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला. त्यातली चोरी म्हणे अवाक्षरही न बोलता चालते.

चोर छताला भोक पाडू लागले. पडदा गप, हॉल गप. सरांना ते सोसवेना. हात माईककडे गेलाच. "मंडळी, ही शांतता बघा! समीक्षक म्हणतात..." मंग काय, तोंडाचा पट्टा सुटला. कोणी काय लिहिलं, दिग्दर्शक केवढा, चोराच्या घामाचा अर्थ काय! तिजोरी फुटली तेव्हा अर्धा हॉल जांभया देत होता.

दिवे लागले.

"एकदम भंगार," भागवत रिक्षावाला म्हणाला. "गाणं न्हाई, मारामारी न्हाई."

"याच्यापेक्षा आमची ग्रामसभा बरी," बेबीनंदा म्हणाली.

सरांनी डोक्यात राख घातली. माईकवरच गरजले, "गाढवाला गुळाची चव काय! अख्ख्या जगानं मानलेला सिनेमा, आणि अक्कल शिकवतात कोण, तर हे!"

तेवढ्यात चटईवरून त्यांच्या पत्नी गिरिजाबाई उठल्या. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी बाई.

"अवो, सिनेमा चांगलाय. त्या चोरांपायी माझा जीव खालवर होऊन राह्यल्ता. पण तुमी बोलू बोलू कान किटवले. बघू देलं का कुणाला?"

हॉलमध्ये टाळ्या कडाडल्या. सरांनी न मागता.

"मंग पुन्हा लावायचा का?" पुंजारामनं नाइलाजानं विचारलं. भराभर हात वर झाले.

"लावा," भागवत म्हणाला. "पण सरांना घरी ठेवा."

सरांनी बायकोकडं पाहिलं. ती तरी नको म्हणेल! गिरिजाबाईंनी शांतपणे लॅपटॉपची पिशवी उचलली. "मशीन चालू कसं करायचं, तेवढं दाखवा."

पुढच्या शनिवारी सर समाजमंदिरासमोरच्या आपल्या ओट्यावर बसून राहिले. माझ्याशिवाय टिकतात किती, बघतोच, म्हणाले. लोकांच्या चपला हॉलच्या दाराशी तशाच पडून होत्या. आतून शिट्टी नाही, खोकला नाही, एकही माणूस बाहेर येत नव्हता. सरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नालायकांनो!" ते ओरडले. "काही कळतंय का तुम्हाला?"

भागवतनं दारातून डोकं काढलं, ओठांवर बोट ठेवलं आणि आतून कडी लावून घेतली.