मगदूम बाई आणि अण्णांची इंजिनं

ज्याच्याविरुद्ध लेख लिहिला, त्याच्याच घरी तो छापून यायच्या आदल्या दिवशी चहाला जायचं, असा मगदूम बाईंचा रिवाज होता. आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात त्या अर्थशास्त्र शिकवायच्या आणि इथल्या एका दैनिकात दर रविवारी सरकारी धोरणांवर, उद्योगधंद्यांवर लिहायच्या. मी त्यांच्या विभागात नवा रुजू झालो त्याच आठवड्यात म्हणाल्या, "चला, एका साहेबांकडं जाऊन येऊ." साहेब सरकारी अधिकारी होते. बाईंनी पिशवीतून कागद काढले आणि गूळ परजिल्ह्यात न्यायच्या बंदीवरची टीका त्यांनाच वाचून दाखवली. साहेबांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी एक चूक दाखवली. बाईंनी ते वाक्य तिथंच खोडलं, चहा संपवला आणि म्हणाल्या, "बाकीचं उद्या छापून येईल हं."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाई, हे कशासाठी?"

"मागनं बोलायला अर्थशास्त्र कशाला लागतंय? ते नळावर पाणी भरताना बी जमतंय की."

बाई पेठ वडगावच्या, जैन शेतकरी घरातल्या. लग्न केलं नव्हतं. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण एखादा मुद्दा पेटला की वडगाव बाहेर यायचं. लायसन्स-परमिटच्या काळात एकदा त्यांनी शिकवलेलं अजून कानात आहे. "परमिट म्हंजे पदराआडचा दिवा. विझत न्हाय, म्हणून त्याला वाटतंय आपण लै दमदार हाय. पदर काढल्यावर बघायचं."

हा पदर त्यांच्या घरातच होता. थोरले भाऊ अण्णा यांचा उद्यमनगरात डिझेल इंजिनांचा कारखाना होता. विहिरीवर बसवायची इंजिनं. परमिट मिळालेले कारखाने मोजकेच, त्यामुळं गिऱ्हाईक आगाऊ नाव नोंदवून महिनोन्‌महिने वाट बघायचं. अण्णा उदार माणूस. बाईंना त्यांनीच शिकवलं होतं. वडील गेल्यावर, भावकीचा विरोध पत्करून त्यांना पुण्याला एम.ए.ला धाडलं होतं.

एकदा बाई गडमुडशिंगीला एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेल्या. तिथं विजेचे खांब शिवारात पोचले होते आणि बऱ्याच विहिरींवर इंजिनं बाजूला पडून विजेच्या मोटारी बसवल्या होत्या. त्या आठवड्याचा लेख त्यांनी त्यावरच लिहिला. गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणून इंजिनवाले वर्षानुवर्षं तोच माल काढताहेत. वीज आली की हा धंदा बसेल आणि कामगार उघड्यावर येतील, असा त्याचा आशय.

रिवाजाप्रमाणे त्या अण्णांकडं गेल्या. मीही बरोबर होतो. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"सुनू, तुला शिकीवलं ते ह्यासाठी व्हय?"

"ह्यासाठीच की, अण्णा."

"छाप. पर परत ह्या घराची पायरी चढू नगंस."

वहिनी दारात डोळे पुसत होत्या. बाईंनी कागद पिशवीत ठेवले, भावाच्या पाया पडल्या आणि निघाल्या. लेख मात्र छापून आला.

पुढं गंमत उलटीच झाली. वीजटंचाई आली, मोटारी मुक्या झाल्या आणि अण्णांची इंजिनं कधी नव्हती इतकी खपू लागली. उद्यमनगरात बाईंची टिंगल सुरू झाली. बाईंनी नवा लेख लिहिला: माझा अंदाज चुकला, खांब मोजले पण त्यातली वीज मोजली नाही. तो घेऊन त्या अण्णांच्या दारात गेल्या. पायरी चढल्या नाहीत. अंगणात उभं राहून, खणखणीत आवाजात वाचला. शेजारीपाजारी गोळा झाले. अण्णा ओसरीवर आले, सगळं ऐकलं आणि आत गेले. थोड्या वेळानं वहिनी चहा घेऊन अंगणात आल्या.

मग डिझेलचे भाव भडकले. ऑर्डरी आटल्या. एका सकाळी अण्णाच बाईंच्या दारी आले. मी तिथं पेपर तपासत बसलो होतो.

"सुनू, माणसं काढायची पाळी आलीया. काय करू सांग."

"अण्णा, मला धंदा कळत न्हाय. वारं कुठनं येतंय तेवढं कळतंय, आणि ते बी कधीमधी चुकतंय. चल, शिवारात जाऊ."

दोघं भावंडं पंधरवडाभर गावोगाव हिंडली. जिथं जावं तिथं एकच रडगाणं, "पावणं, लाईट कमी दाबानं येती, मोटार जळतीया." अण्णांनी इंजिनांचं काम निम्म्यावर आणलं आणि कमी दाबावरही तग धरणारी मोटार करायच्या मागं लागले. पहिल्या कितीतरी मोटारी जळाल्या. जागा विकली, वहिनींचे दागिने गेले. चौथ्या वर्षी मोटार बाजारात टिकली. एकही कामगार काढावा लागला नाही. बाईंनी त्यावर मात्र कधी ओळ लिहिली नाही. "भावाचं कौतुक छापायला पेपर काय घरचा हाय?" म्हणाल्या.

निवृत्तीनंतर दोनच वर्षांत बाई गेल्या. ताप आला, तो उतरलाच नाही. पंचगंगेकाठच्या स्मशानातून परतताना अण्णा माझ्या शेजारून चालत होते. वयानं वाकलेले, पण आवाज तसाच.

"सर, माझी वाहवा करणारी माणसं लै हायत. कारखान्यात हायत, भावकीत हायत." ते थांबले. "आता माझं चुकाय लागलं तर सांगणार कोण?"

नदीकडून वारं येत होतं. त्यांनी टोपी सारखी केली आणि पुढं चालू लागले.